गच्चीवरच्या पाइपाचं तुम्ही सांगितलं नाहीत

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. अक्षरही वाईट आहे. चौथीनंतर पेन हातात धरलं ते दुधाचे खाडे लिहिण्यापुरतं आणि सहीपुरतं. माझं अक्षर बघून तुम्ही म्हणायचात, "कोंबडी चालली का काय कागदावर?" आता वाचायला तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही असता तर एक ओळ लिहिली नसती, आणि तोंडाने तर बोललेच नसते.

तुम्हाला जाऊन सात महिने झाले. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे. सकाळी पीठ मळताना धरते, दुपारी भांडी घासताना धरते. खालच्या आंटींकडून तुम्ही खोटं बोलून अडतीस हजार रुपये घेतलेत. ते मी परत करायचे ठरवले, त्याचं हे लिहिणं आहे. तुमच्या फोटोपुढे उभं राहून सांगणार होते, पण फोटोतसुद्धा तुम्ही असे बघता की माझा आवाज फुटत नाही.

हे घर घेतलं तेव्हा मनीषा पहिलीत होती. पहाडगंजातली ही गल्ली, खाली कुणाचं तरी गोदाम, पहिल्या मजल्यावर आंटी एकट्या, दुसरा मजला आपला आणि वर गच्चीवर बरसातीची खोली. घर जुनं. मैल्याचा पाइप बीडाचा, जुन्या ओतीव लोखंडाचा, मागच्या भिंतीने खालपासून गच्चीच्या वरपर्यंत एकच गेलेला. दिवसा तुम्ही करोलबागला दुसऱ्याच्या दुकानात गलाई करायचात आणि संध्याकाळी बरसातीत स्वतःची. सोनारांकडचा चुरा, केर, मोडके दागिने आणायचे, तेजाबात उकळायचे, सोनं वेगळं काढायचं, चांदी वेगळी. राहत्या घरात असलं काम चालत नाही, म्हणून सगळं गुपचूप. मला ते माहीत होतं आणि मी माहेरीसुद्धा कधी बोलले नाही. गच्चीवर धुराडं मात्र कधी दिसलं नाही. तेजाबाचा धूर कुठे जातो, हे मी कधी विचारलं नाही. तेवढी माझी चूक.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग वास सुरू झाला.

फ्लश ओढला की संडासाचं भांडं गुडगुडून घुटकळायचं, न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे यायचे आणि मागोमाग घरभर तो वास. थंडीत खिडक्या लावल्या की डोकं ठणकायचं. मी दिवसातून दोनदा घासत होते. तेजाबाने घासलं, फिनेलने घासलं, सोडा टाकला, मीठ टाकलं, कुणी सांगितलं म्हणून ताकसुद्धा ओतलं. हाताची सालं निघाली. वास गेला नाही. तुम्ही घरात आलात की दारातच नाक दाबायचात. "दिवसभर करतेस काय?"

गलाईवाल्याच्या घरात केर टाकत नाहीत. बरसातीतला केर मी कुंच्याने गोळा करून डब्यात भरत होते. तुमचे कपडे वेगळ्या टबात धुवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं पाणी हळू ओतत होते. त्यातला कण अन् कण तुम्हाला मिळत होता, आणि तुम्ही करोलबागला गलाईच करणाऱ्या संपतभाऊजींना अभिमानाने सांगायचात की आमच्या हिच्या झाडण्यातून गुंजभरसुद्धा जात नाही. तुमच्या सोन्याला माझा हात चालायचा. संडासाला मात्र मी घाणेरडी.

संक्रांतीच्या सुमाराला गावाकडची माणसं पानिपतला काला अंबला, लढाईच्या जागी, जायला येत. आदल्या दिवशी आपल्याकडे उतरत. दहा-बारा माणसं आणि संडास एक. सकाळी ओळीने सगळे जाऊन आले की घरात उभं राहवत नसे. त्या वर्षी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "किती बार सांगितलं हिला. रानातनं आलीया, पाणी टाकायचं न्हाई कळत." सगळे हसले. मला वहिनी म्हणणारेही हसले. मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपली, तर तुम्ही म्हणालात, "बघा, भाकरी बी."

मनीषा तिसरीत असताना वाढदिवसाला शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या. एकीने नाकाला फ्रॉक लावला. पुढच्या वर्षी पोर म्हणाली, "मम्मी, बर्थडे घरी नको ना, प्लीज." तुम्हाला हे मी सांगितलं होतं. तुम्ही वर्तमानपत्र उलटलंत.

आणि आंटी. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "ओ मराठन, ऊपर कोई मरा पड़ा है क्या? फिनाइल महंगा हो गया है तो मैं ला दूँ?" त्यांच्याही संडासातून तोच वास येत होता, आणि त्यांना वाटे तो वरून, माझ्या घाणीमुळे येतो. पहिल्यांदा त्यांनी भांडं बदललं. तुम्ही सांगितलंत की पाइप सामायिक आहे, खर्च निम्मा-निम्मा, आणि माणसं तुम्हीच आणलीत. दुसऱ्यांदा त्यांची फरशी उखडली. तिसऱ्यांदा आडवा पाइप नवा घातला. आठ हजार, बारा हजार, अठरा हजार. तिन्ही वेळा त्यांनी पैसे माझ्या हातात दिले आणि मी जिना चढून तुमच्या हातात दिले. एका मिस्त्रीने त्या वेळी म्हटलंही होतं, "ऊपर खोलकर देखना पड़ेगा, भाई साहब." तुम्ही त्याला त्याच दिवशी काढून टाकलंत. "वर हात लावायचा न्हाई. वर काय न्हाई."

वर काय होतं ते तुम्हाला माहीत होतं.

लिहिता लिहिता एक आठवतं आणि पेन थांबतं. मनीषा झाली तेव्हा आपण करोलबागला एका खोलीत होतो. दिल्लीची थंडी, मला ताप, माणूस जवळ कुणी नाही. पोरीची लंगोटं तुम्ही धुवायचात, गच्चीवर, बर्फासारख्या पाण्यात. शेजारची बाई हसली तर तुम्ही तिला म्हणालात, "अपनी बेटी का है, इसमें हँसने का क्या?" मला हिंदी येत नव्हती. दुकानात, दवाखान्यात, शाळेत माझ्यासाठी तुम्हीच बोलायचात. मला ते फार बरं वाटायचं. पुढे तेवीस वर्षं तुम्हीच बोलत राहिलात, आणि मला सवय झाली. पण पोरीचा मैला धुणारा माणूस बायकोला घाणेरडी कसा म्हणतो, हे मी किती वेळा स्वतःला विचारलं.

शेवटच्या आठवड्यात तुम्हाला दम लागत होता, नाकाला नळी होती. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "वरचा पाइप... उघडायचा ऱ्हायला." मला वाटलं ऑक्सिजनचं बोलताय. मी धावत जाऊन नर्सला बोलावून आणलं. तिने नळी तपासली, म्हणाली ठीक आहे. तुम्ही डोळे मिटलेत. पुन्हा त्या विषयावर बोलला नाहीत.

तुमचं वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात काही काम काढू नये, असं संपतभाऊजी म्हणत होते. मनीषा म्हणाली, "काका, बाथरूम नीट करायला कसला मुहूर्त? मम्मी तिकडे गुदमरते यार." तिचा नोएडाच्या ऑफिसातून बोनस आला होता. तिने रामबचन मिस्त्रीला आणलं. पन्नाशीचा माणूस, बोलणं हळू. त्याने आधी काही तोडलं नाही. आमच्या संडासात बादलीभर पाणी एकदम ओतलं आणि कान लावून ऐकलं. मग मला भांड्यात बघायला सांगितलं. तळाच्या वळणात जे पाणी उभं असतं, ते घुटकळून निम्मं खाली गेलं.

"बहनजी, यही पानी तो बदबू को रोकता है," तो म्हणाला. "मैला नीचे जाता है तो उसके पीछे ऊपर से हवा आनी चाहिए. हवा नहीं मिली, तो पाइप यह पानी खींच लेता है. फिर आप सोने से घिसो कि चाँदी से, बदबू आएगी ही. नीचे वालों का भी यही होता होगा."

"मग माझ्या घासण्यानं?" मी मराठीतच विचारलं. मनीषाने त्याला हिंदीत सांगितलं.

तो हसला. "घिसने से क्या होगा? ऊपर से बंद है."

सोळा वर्षं, अहो. सोळा वर्षं मी घासत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने बरसातीच्या मागचा बीडाचा पाइप फोडला. तुमच्या कामाच्या जागेमागे, कपाटाआड, भिंतीत भोक होतं. तेजाबाच्या घमेल्यावर तुम्ही जे झाकण टांगलं होतं, त्याचा पाइप त्या भोकातून मैल्याच्या पाइपात घुसवला होता. धुराडं दिसू नये म्हणून तेजाबाचा धूर तुम्ही घराच्या हवेच्या वाटेने सोडत होतात. एवढंच असतं तरी मी समजून घेतलं असतं. कर्ज होतं, पोरीची शाळा होती. पण भोकाच्या हातभर खाली पाइपात बोळा होता. ज्वारीच्या पोत्याचं गोणपाट, त्यावर माती.

रामबचन म्हणाला, "यह किसी प्लंबर का काम नहीं है. पता नहीं किसका है."

मला पता होता. ती भट्टीची माती होती, ताग कापून मिसळलेली, आणि कडेने अंगठ्याने ओढून गुळगुळीत केलेली. तुम्ही भट्टी तशीच लिंपायचात, डावीकडून उजवीकडे, शेवटी अंगठा उचलताना छोटी शेपटी सोडून. ती शेपटीसुद्धा तिथे होती. मी त्या पाइपापुढे उकिडवी बसले आणि मनीषाला म्हणाले, "तुझ्या पप्पांचा हात आहे." खाली जाऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

मला वाटलं, संडासाचा वास बरसातीत येऊ नये म्हणून तुम्ही बोळा मारलात. वर तुम्हाला वास नको, खाली आम्हाला चालेल. पण संपतभाऊजी आले, त्यांनी बोळ्यावर साचलेला काळा-हिरवा गाळ बोटाने चोळून बघितला आणि म्हणाले, "वहिनी, ह्ये टाकू नका. दादानं बोळा उगाच न्हाई मारला. धूर थंड हुतो, त्यातली चांदी ठिबकती. ती साचायला जागा केलीया त्यानं."

"त्यांना माहीत होतं खाली वास येतोय ते?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. "एकदा बोल्ला हुता. म्हणला, काढीन सवडीनं. चांगली भरू दे."

चांगली भरू दे.

दवाखान्यात तुम्ही म्हणालात ना, उघडायचा राहिला. आता सांगा, कशासाठी उघडायचा होता? माझा वास घालवायला, की चांदी काढायला? मी रोज विचारते. दोन्ही उत्तरं तुमच्याच आवाजात ऐकू येतात. मला खरं एक हवं होतं. तेही घेऊन गेलात.

रामबचनने वरचा सगळा बीडाचा पाइप काढला. चार इंची नवा पाइप सरळ बरसातीच्या छपराच्याही वर नेला, माथ्यावर जाळीची टोपी बसवली. आंटींच्या भांड्यामागून एक बारीक पाइप वेगळा वर आणून आमच्या जोडाच्या वर जोडला, म्हणजे आमच्या फ्लशने त्यांचं पाणी ओढलं जाऊ नये. मग तो म्हणाला, "अब नीचे जाकर कोई देखे, पानी हिलता है कि नहीं."

मनीषाला वर फ्लश ओढायचा होता. खाली मलाच जावं लागलं. मी आंटींकडे कधी एकटी गेले नव्हते, पैसे घ्यायला सोडून. त्या दारात उभ्या राहिल्या. "अब क्या हुआ? फिर पैसे?"

मी म्हटलं, "पानी देखना है."

त्यांच्या संडासात मी वाकून बघत राहिले, त्या माझ्यामागे कमरेवर हात ठेवून. वर मनीषाने बादली ओतली, फ्लश ओढला, पुन्हा बादली ओतली. पाइपातून पाणी खाली गेल्याचा आवाज आला. भांड्यातलं पाणी जागच्या जागी उभं. घुटकळलं नाही. मी मोठ्याने ओरडले, "नहीं हिला!" माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. आंटी दचकल्या.

मग मी तिथेच, त्यांच्या संडासाच्या दारात, सांगितलं. "आंटी, गलती आपकी नहीं थी. मेरी भी नहीं थी. इनकी थी. इन्होंने ऊपर पाइप बंद किया था. आपके अड़तीस हजार फालतू गए. मैं वापस दूँगी."

त्यावर आंटी जे बोलल्या ते मी तुम्हाला शब्दाशब्दाने सांगते, कारण ते तुमच्यासाठी होतं. "सोलह साल! मेरी बहू इस बदबू के मारे यहाँ रहने नहीं आई. मैंने फर्श तुड़वाया, दीवार तुड़वाई. और वह आदमी सीढ़ियों पर मुझे रोज नमस्ते करता था!" मग माझ्याकडे वळल्या. "और तू? तुझे नहीं पता था? उसी घर में रहती है."

"नहीं पता था."

"मैं कैसे मान लूँ?"

मी म्हटलं, "पूरे पैसे दूँगी, तब मान लेना." त्या म्हणाल्या, "देखते हैं." माझ्या शब्दाला आजवर किंमत लागली नव्हती, कारण मी शब्दच दिला नव्हता. हा पहिला.

मनीषा म्हणाली, "मम्मी, मैं दे देती हूँ, चलो." मी नको म्हटलं. तिने सोळा वर्षं वास घेतला आहे, वर पैसे कशाला द्यायचे?

गाळ मी संपतभाऊजींकडे दिला. त्यांनी करोलबागला तो मुशीत वितळवला. एकसष्ट ग्रॅम चांदी निघाली. त्यांनी हातावर ठेवून दाखवली तेव्हा मला हसू आलं, आणि मग इतकं रडू आलं की त्यांनी दुकानातल्या माणसांना बाहेर पाठवलं. अहो, एवढ्यासाठी? माझ्या पैंजणांत याहून जास्त आहे. मागितली असती तर काढून दिली असती. त्या दिवशीच्या भावाने भाऊजींनी नऊ हजार दिले.

मग मी तुमचा काटा विकायला काढला. काचेच्या पेटीतला, पितळी पारड्यांचा, ज्याला मनीषाने हात लावला म्हणून तुम्ही तिला एकदाच मारलं होतं. काटा, भट्टी, चिमटे, घमेली, सगळं. संपतभाऊजी म्हणाले, "वहिनी, दादाची आठवण हाय ती. काटा तरी ठेवा." मी म्हटलं, "भाऊजी, काट्यानं दादाला खरं वजन सांगितलं, आम्हाला कधी सांगितलं?" मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले. चौदा हजार आले.

कधी तोंड न उघडणारी मी, आता राजेंद्रनगरात परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडच्या चार मुलांना डबा देते. मनीषाने फोनवर कुठे तरी लिहिलं आणि मुलं आली. एकजण म्हणाला, "काकू, पिठलं एकदम घरच्यासारखं." उरलेले पंधरा हजार त्या डब्यांतून, तीन महिने, महिन्याला पाच.

संक्रांतीला या वर्षीही गावाकडची माणसं आली होती, पाचच. सकाळी सगळे जाऊन आले आणि चुलत दीर म्हणाले, "वहिनी, आता वास न्हाई बघा. दादा गेल्यावर जमायला लागलं तुमाला." सगळे हसले. मी भाकरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हटलं, "चला वर, दाखवते कुणाला काय जमलं ते." पाचही जणांना गच्चीवर नेलं, पाइप दाखवला, टोपी दाखवली, भिंतीतलं बुजवलेलं भोक दाखवलं. तुमचा बोळा मी टाकला नव्हता, तोही दाखवला. गार वारा सुटला होता, कुणीच हसलं नाही. खाली आल्यावर चुलत दीर म्हणाले, "मेलेल्या माणसाचं असं उघड करू न्हाई, वहिनी." मी म्हटलं, "जित्या बाईचं तुम्ही दरवर्षी करत हुता."

हे तुम्हाला सांगायचंच होतं. तुम्हाला ते आवडलं नसतं. पण लंगोटं धुणाऱ्या त्या माणसाला कदाचित आवडलं असतं. त्याची मला अजून आठवण येते. तो भेटला तर मी त्याच्याशी भांडेन, खूप भांडेन, आणि मग चहा करीन.

आज शेवटचे पाच हजार घेऊन खाली गेले. आंटींनी चष्मा लावून मोजले, एकदा आणि पुन्हा एकदा. "हो गए," त्या म्हणाल्या. "पूरे अड़तीस."

मी विचारलं, "अब मानती हो, आंटी?"

त्यांनी नोटा उशीखाली सारल्या. "मान तो मैं उसी दिन गई थी. तेरी चीख सुनकर. पैसे तो इसलिए लिए कि मेरे थे."

त्यांचेच होते. आज सगळे परत दिले.